मिनिटाला चोवीस पानं

मी अठरा वर्षं फौजेत काढली, सिग्नलमध्ये. तिथं एखादं यंत्र घ्यायचं तर दोनच गोष्टी विचारत. काम किती करणार, आणि बंद पडलं तर चालू कोण करणार. पेन्शन घेऊन गावी आलो, आमच्याच तालुक्यातल्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा असिस्टंट म्हणून लागलो, आणि सत्याण्णव साली मला कळलं की यंत्राच्या बाबतीत तिसरीही एक गोष्ट असते. चेअरमनसाहेब त्यातून कसे दिसतात, ती.

कॉलेज कडेगावपासून सहा किलोमीटरवर. चारी बाजूंना ऊस आणि मधे आम्ही. पोरं मला हवालदार मामा म्हणत, स्टाफ नुसता हवालदार म्हणे. नाथाजी हे माझं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. लॅबमध्ये अकरा कॉम्प्युटर, त्यांतले चालू आठ. छापायला एक डॉट मॅट्रिक्स. ते छापायला लागलं की शेजारच्या वर्गातले इतिहासाचे सर शिकवायचे थांबत. अर्थात ते कशानंही थांबत.

शेवटच्या वर्षाच्या पोरांना प्रोजेक्ट रिपोर्ट द्यावा लागे. नव्वद पानं, चार प्रती, ठरलेल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. पाच वाजून गेले की आमचा क्लार्क खिडकी लावून घेई आणि पोराचं वर्ष जाई. शहाण्णवच्या एप्रिलमध्ये, तारखेला चार दिवस उरले असताना, डॉट मॅट्रिक्सचं हेड गेलं. पोरं एस.टी.नं मिरजेला धावली. तिथल्या दुकानात त्याच आठवड्यात मेडिकलच्या डॉक्टरांचे प्रबंध छापायला आले होते. डॉक्टरांपुढं आमच्या पोरांना कोण विचारतो? नीलिमा होवाळ नावाची आमची एक मुलगी दोन दिवस त्या दुकानाच्या पायरीवर बसून होती. प्रती हातात पडल्या तशी ती तासगाव, विटा करत परत आली, तेव्हा साडेपाच वाजले होते. खिडकीच्या आत क्लार्क बसलेला तिला दिसत होता. त्यालाही ती दिसत होती. त्यानं चहा संपवला आणि घरी गेला.

त्या वर्षी सात जणांची वर्षं बुडाली. सहा जणांनी नाद सोडला. नीलिमा तेवढी परत आली. पुण्यातल्या एका कंपनीनं निकालाच्या भरवशावर तिला नेमणूक दिली होती, ती गेली. सत्याण्णवात तिनं पुन्हा मुलाखत देऊन तीच जागा पुन्हा मिळवली. तिचे वडील धोंडीबा विट्याच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक. मला एकदा स्टँडवर भेटले, हात पुसत म्हणाले, "हवालदार, ह्या एका वर्साला मी कसंबी निभावतो. पण पुन्ना असं झालं तर माझ्यानं न्हाई व्हायचं बघा. मागं आनी दोन पोरं हाईत." त्यांनी माझ्याकडं काही मागितलं नाही. तक्रारही केली नाही. त्यामुळं मला रात्री जेवण गेलं नाही.

मग मी प्राचार्यांना दोन पानी टिपण दिलं. अठ्ठेचाळीस पोरं, चार प्रती, नव्वद पानं. म्हणजे सतरा हजार दोनशे ऐंशी पानं, आणि ती सगळी शेवटच्या आठवड्यात, कारण आमची पोरं त्याआधी काही लिहीत नाहीत. मिनिटाला चोवीस पानं काढणारा मोठा लेझर प्रिंटर घेतला तर बारा तासांत काम संपेल. प्राचार्यांनी टिपण वाचलं, चष्मा पुसला आणि "विचार करू" म्हणाले. आमचे प्राचार्य फार विचार करत. विचार करून करून त्यांनी एक समिती नेमली.

समितीत चेअरमन वीरधवल दादासाहेब. संस्था त्यांच्या वडिलांनी काढलेली, त्यामुळं तिच्यातल्या खिळ्यापासून खडूपर्यंत सगळ्यावर त्यांचं मत असे. दुसरे गुंडाभाऊ, संचालक, वीटभट्टीवाले, ज्यांचं मत दादासाहेबांच्या मतानंतर लगेच तयार होई. तिसऱ्या शालूबाई. त्या गावातली दूध सोसायटी चालवत. महिला संचालक पाहिजे म्हणून त्यांना घेतलं होतं आणि त्यांनी बोलायचं नाही अशी सर्वांची समजूत होती. त्यांची तशी नव्हती. चौथे प्राचार्य. मी 'तांत्रिक सल्लागार', म्हणजे टेबल उचलायला.

तीन कोटेशनं आली. एक पुण्याच्या कंपनीचं, मोठ्या मशीनचं. दुसरं सांगलीच्या प्रशांत नावाच्या विक्रेत्याचं, घरात वापरायच्या छोट्या मशीनचं. तिसरं प्रशांतच्या मेव्हण्याचं, त्याच टायपिंगमधलं, त्याच चुकांसकट. नियमाप्रमाणं तीन झाली, म्हणून प्राचार्यांना समाधान वाटलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोघांनी मशीनं आणून लॅबमध्ये मांडली. पुण्याचं मशीन टेम्पोतून आलं, चौघांनी उचललं. प्रशांतचं मशीन त्यानं काखेत धरून आणलं. पुण्याचा माणूस सांगू लागला, कागदाचे दोन ट्रे, महिन्याला लाखभर पानं सोसेल, एकाच वेळी सगळ्या कॉम्प्युटरवरून छापता येईल. दादासाहेबांनी जांभई दिली.

"ते सगळं खरं," ते म्हणाले. "पण साधा मजकूर काय, कुणीबी छापतंय. मशीनची परीक्षा घ्यायची तर फोटो छापून दावा."

"कुणाचा?" पुण्याच्या माणसानं विचारलं. बिचारा नवखा होता.

गुंडाभाऊंनी त्याच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "आवं, दादासाहेबांचा! दुसऱ्या कुणाचा असतोय?"

पुढच्या महिन्यात दादासाहेबांना पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि त्यांचा गौरव अंक निघायचा होता. भिंतीवरचा त्यांचा फोटो उतरवून मी हातानं फिरवायच्या स्कॅनरनं कॉम्प्युटरवर घेतला. आता दादासाहेब रंगानं आमच्यासारखेच. चांगले काळेसावळे, उन्हातले. त्यात वाईट काहीच नाही, आमच्या अख्ख्या तालुक्याचा तोच रंग आहे. पण दादासाहेबांना तो मान्य नव्हता. त्यांच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा फोटोग्राफरनं त्यांचे गाल ब्रशनं गुलाबी केलेले मी पाहिलेत.

पुण्याचं मशीन गुरगुरलं आणि अडीच सेकंदांत दादासाहेब बाहेर आले. मशीन प्रामाणिक निघालं. जे होतं ते सगळं त्यानं छापलं होतं. कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालच्या पिशव्या आणि रंग. गुंडाभाऊ म्हणाले, "ह्ये तर भट्टीतनं काढल्यागत दिसतंय." मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन ते खोकले.

प्रशांतनं आपल्या खिशातून फ्लॉपी काढली. त्याच्याकडं तोच फोटो आधीच तयार होता. कुठून मिळाला ते मी विचारलं, तेव्हा गुंडाभाऊ छताचा पंखा बघू लागले. त्याच्या मशीननं बराच वेळ घेतला, मधे एकदा थांबून दम खाल्ला, आणि जाड गुळगुळीत कागदावर एक गोरेपान गृहस्थ बाहेर काढले. मिशी दादासाहेबांची होती.

"ह्येला म्हणत्यात मशीन!" गुंडाभाऊ म्हणाले.

"साहेब," मी म्हणालो, "ह्ये मिनिटाला चार पानं काढतंय. पोरांचं काम बहात्तर तास चालंल. तीन दिवस, तीन रात्री, न थांबता. आनी ह्ये तेवढं टिकनार न्हाई. घरातल्या चिठ्ठ्या-चपाट्या छापायचं मशीन हाय ह्ये."

"हवालदार," दादासाहेब गोऱ्या गृहस्थांकडं कौतुकानं पाहत म्हणाले, "पोरं काय, चार दिस छापत्यात आनी जात्यात. संस्थेचा चेहरा कायम ऱ्हातो."

आता प्राचार्य विचार करून सही करणार, इतक्यात शालूबाई बोलल्या. "गेल्या साली सात पोरांची वर्सं गेली म्हनं. त्यात एक पोरगी हुती. कागदावर लिवलंय ह्या हवालदारानं. त्याचं काय करायचं?" आणि त्याच क्षणी वीज गेली. आमच्या भागात वीज मंडळानं एवढं चांगलं काम दुसऱ्यांदा केल्याचं मला आठवत नाही. अंधारात सही कशी करणार? बैठक दुसऱ्या दिवशी अकरावर गेली.

वीज साडेचारला आली. मी कॉम्प्युटरसमोर दादासाहेबांचा फोटो उघडून बसलो. प्रशांतनं काय केलं होतं ते मला कळलं होतं. मशीनचा त्यात काही गुण नव्हता, त्यानं फोटोच आधी उजळून आणला होता. हे समितीला समजावून सांगता आलं असतं. म्हणजे मी उभं राहून म्हणायचं, साहेब, तो फोटो खोटा आहे, तुम्ही खरे असे दिसता. मी दोन लढायांच्या तयारीत होतो, पण इतका शूर नाही.

तेव्हा मीही तेच करायला बसलो. पण माझी बोटं तारायंत्रावर तयार झालेली, माऊस माझ्या हातात ठरेना. नीलिमा कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर आपला रिपोर्ट टाइप करत होती. ती उठून मागं उभी राहिली.

"मामा, काय करताय?"

"दादासाहेबांना गोरं करतोय."

"कशाला?"

मी सांगितलं. तिनं फोटो एकदा नीट पाहिला. मग म्हणाली, "सरका."

ती बसली आणि सराईतपणे फोटो उजळू लागली. गाल उजळले, कपाळ उजळलं, आठ्या गेल्या.

"बास?"

"आनी थोडं."

"मामा, कान दिसंनात आता."

"कान जाऊ देत. त्यांचा ते वापर करत न्हाईत."

ती हसली. मग हसू थांबलं, आणि माऊसवरच्या आपल्या हाताकडं तिची नजर गेली. तिचा हात तिच्या वडिलांसारखा, काळा आणि लांब बोटांचा. "माझी पुण्याची नोकरी ह्यांच्या गालावर हाय म्हना की," ती म्हणाली आणि फाइल सेव्ह केली. मला तिच्याकडं बघवेना. अठरा वर्षांत मी वरिष्ठांना चुकीचा संदेश एकदाही पाठवला नव्हता, आणि इथं एका पोरीकडून, तिचं वर्ष वाचावं म्हणून, खोटं काम करून घेतलं. मला लाज वाटली. पण फाइल मी ठेवली.

दुसऱ्या दिवशी अकराला समिती बसली. मी पुण्याच्या मशीनवर पुन्हा फोटो काढला. अडीच सेकंदांत दादासाहेब बाहेर आले, दुधात न्हाल्यासारखे.

"अगाई!" शालूबाई म्हणाल्या. "एका दिसात लय उजाळलं की दादासाहेब."

सगळे माझ्याकडं पाहू लागले. मी सावधान उभा राहिलो आणि जे तोंडात आलं ते बोललो. "काल व्होल्टेज कमी हुतं, साहेब."

आमच्याकडं व्होल्टेजवर कुणी शंका घेत नाही. मोटर जळते व्होल्टेजनं, टी.व्ही. फुटतो व्होल्टेजनं, गुंडाभाऊंच्या पोराचे दहावीचे मार्क गेले तेसुद्धा व्होल्टेजनंच. दादासाहेबांनी मान डोलावली. "तरीच," ते म्हणाले. "मला कालच वाटलं, चेहऱ्यात फरक पडतोय म्हनून."

पुण्याच्या माणसानं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर हळूच बूट ठेवला. त्यानं मिटलं. प्रशांतला सगळं समजलं, पण तो तरी काय बोलणार होता?

मग शालूबाईंनी मनगटावरचं घड्याळ पुढं केलं आणि दोघांना माझ्या टिपणाच्या वीस-वीस प्रती काढायला सांगितल्या. दोन पानांच्या वीस, म्हणजे चाळीस पानं. पुण्याचं मशीन दोन मिनिटांच्या आत मोकळं झालं. प्रशांतचं पाचव्या पानाला घरघरू लागलं, बाराव्याला त्यात कागद अडकला. दादासाहेबांना साडेबाराला कडेगावात एक बारसं होतं. विसाव्या पानाला त्यांचा धीर सुटला. "मोटं घ्या," ते उठत म्हणाले. "दिसतंय बी मोटं." गुंडाभाऊंनाही मोठंच आवडत होतं, असं तेव्हा बाहेर पडलं. प्राचार्यांनी विचार न करता सही केली.

मी त्या दिवशी पोरांना चहा पाजला. एवढा आनंद मला हवालदार झालो तेव्हाही झाला नव्हता. पण मूर्खपणाचा आनंद होता तो, हे पुढं कळलं.

मशीन पाडव्याला आलं. त्याआधीही येऊ शकत होतं, पण मुहूर्त होता. दादासाहेबांच्या हातून पूजा झाली. नारळ ते मशीनवरच फोडायला निघाले होते, मी आडवा पडलो म्हणून तो उंबऱ्यावर फुटला. गुंडाभाऊंनी मात्र कागदाच्या ट्रेमध्ये कुंकवाचं स्वस्तिक काढलंच, त्यामुळं पहिली तीस-चाळीस पानं लाल निघाली. ते सगळं झालं, पेढे वाटले आणि दादासाहेब म्हणाले, "हवालदार, ह्या लॅबमधी व्होल्टेज कसं असतंय?"

मी पेढा तोंडात कोंबला.

"कमी असतंय," त्यांनीच उत्तर दिलं. "आनी कमी झालं की चेहरा काळा येतो, तूच म्हनालास. स्टॅबिलायझर कुठं हाय कॉलेजात?"

स्टॅबिलायझर कॉलेजात एकच होता. दादासाहेबांच्या केबिनमधल्या ए.सी.ला.

त्याच संध्याकाळी चौघांनी मशीन उचलून केबिनमध्ये नेलं, जोडीला लॅबमधला एक कॉम्प्युटरही. खाली गालिचा, वर क्रोशाचं झाकण. त्यातून गौरव अंक छापायला सुरुवात झाली. दादासाहेब बालपणी, दादासाहेब बैलगाडीत, दादासाहेब दूध पिताना. पोरांची तारीख एकोणीस एप्रिल. दादासाहेबांचा वाढदिवस पंचवीसला. "अंक झाला की मशीन पोरांचंच हाय," ते उदार मनानं म्हणाले. लॅबमध्ये पुन्हा तेच डॉट मॅट्रिक्स, नवं हेड टाकलेलं, दिवसाला शंभर पानांवर तापणारं. मी प्राचार्यांकडं गेलो. ते म्हणाले, "विचार करू." मला त्यांचा चष्मा फोडावासा वाटला.

चौदा तारखेला नीलिमा लॅबमध्ये आली. तिचा रिपोर्ट तयार होता, फ्लॉपीत. तिनं मला काही विचारलं नाही, नुसती एस.टी.चं वेळापत्रक वहीत उतरवत बसली. मिरजेचं.

"मिरजेला जाऊ नगंस," मी म्हणालो.

"मग काय करू, मामा?"

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. मी टोपी घातली आणि केबिनचं दार वाजवलं. चपला बाहेर काढल्या, कारण गालिचा होता.

"साहेब," मी म्हणालो, "गौरव अंक किती काडताय?"

"पाचशे."

"चांगलं. लोक वाचतील, मग पोरं त्याच्यात भेळ खातील."

दादासाहेबांचा चेहरा बदलला, पण मी थांबलो नाही. फौजेत शिकवतात, एकदा बोलायला लागलं की पूर्ण बोलावं. "आनी पोरांचे रिपोर्ट असत्यात, साहेब. ते रद्दीत जात न्हाईत. एक परत आपल्या लायब्ररीत, एक कोल्हापूरला विद्यापीठात, एक भायेरनं येणाऱ्या परीक्षकाकडं, एक पोराच्या घरी. वर्सानुवर्सं ऱ्हात्यात. अठ्ठेचाळीस पोरं, चार-चार परती. एकशे ब्याण्णव. परत्येकाच्या पयल्या पानावर जर संस्थेच्या चेअरमनचा फोटो असंल तर..."

"कोल्हापूरला?" दादासाहेब म्हणाले.

"कोल्हापूरला."

"वर्सानुवर्सं?"

"वाळवी लागंस्तोवर, साहेब."

दादासाहेबांनी खुर्चीत मागं टेकून डोळे मिटले. त्यांना कोल्हापूर दिसत असावं. मग ते म्हणाले, "उद्यापास्नं पोरांना पाठव. पन मशीन इथनं हलनार न्हाई. आनी फोटो त्योच, व्होल्टेजवाला."

तर असं पोरांचं मशीन पोरांना मिळालं, चेअरमनांच्या केबिनमध्ये, चपला बाहेर काढून, एका वेळी एक. पाळीची वाट बघणारेही चपला आधीच काढून ठेवत, ती केबिनच्या दाराबाहेरची अठ्ठेचाळीस जोडांची रांग बघून एका पाहुण्यानं आत सप्ताह चालू आहे का, असं विचारलं. दादासाहेब टेबलामागं बसून राहत, कारण प्रत्येक रिपोर्टचं पहिलं पान त्यांना स्वतः बघायचं असे. बघून झालं की ते "बरं आलंय" म्हणत. प्रत्येक वेळी बरंच येई, कारण फोटो तोच होता. एका पोराला पंधरा मिनिटं लागत. मशीन एकदाही थांबलं नाही. मी त्याच्या बाजूला उभा राहून कागद भरत होतो आणि मनातल्या मनात त्याला सलाम करत होतो.

नीलिमाची पाळी सतरा तारखेला सकाळी दहाला आली. तिनं फ्लॉपी दिली. पहिलं पान निघालं, दादासाहेब गोरेपान, "बरं आलंय". पुढची पानं भराभर येऊ लागली. दुसरं पान आलं तेव्हा मी ते उचलता उचलता थांबलो.

त्यावर तिच्या वडिलांचा फोटो होता. धोंडीबा, डेपोतल्या निळ्या कपड्यात, खिशाला ओळखपत्र. तिनं तो ओळखपत्राचाच फोटो मोठा करून घेतला होता. खाली एकच ओळ होती, 'ज्यांनी दुसऱ्यांदा फी भरली त्यांना'. मशीननं आपलं काम नेहमीप्रमाणं प्रामाणिकपणे केलं होतं. कपाळावरची एकेक रेघ दिसत होती, गालाच्या हाडाखालची सावली, केसांतला पांढरा रंग. आणि चेहरा होता तसा काळा.

"नीलिमा," मी हळू म्हणालो, "थोडं उजळून घ्यायचं हुतंस. तुला तर येतंय."

"नको मामा. हाय तसं."

दादासाहेबांनी हात पुढं केला, म्हणून पान मला द्यावं लागलं. त्यांनी ते लांब धरून पाहिलं. वरच्या पानावरचा आपला चेहरा पाहिला, पुन्हा खालचा पाहिला.

"हवालदार," ते काळजीनं म्हणाले, "व्होल्टेज कमी झालं का रं? बघ, चेहरा पार काळा आलाय."

माझ्या तोंडात शब्द तयार होता. 'व्हय साहेब' एवढंच म्हणायचं होतं, मागच्या वेळेसारखं. पण नीलिमा माझ्याआधी बोलली.

"न्हाई साहेब. व्होल्टेज बरोबर हाय. माझा बाप असाच हाय."

आवाज वर गेला नाही तिचा. नुसतं सांगितलं, जसं कुणी नाव विचारलं तर सांगावं. दादासाहेब तिच्याकडं बघत राहिले, मग स्टॅबिलायझरकडं. त्याचा काटा दोनशे तीसवर स्थिर होता. त्यांनाही तो दिसला. त्यांनी पान टेबलावर ठेवलं आणि आपला चेहरा हातानं पुसला. पुढच्या पोराचं पहिलं पान त्यांनी बघितलंच नाही.

नीलिमानं दुपारी विट्यात बांधणी करून घेतली. दुसऱ्या दिवशी, अठरा तारखेला, सकाळी अकरा वाजता ती खिडकीशी उभी होती. क्लार्कनं चारही प्रती उलटसुलट केल्या, काही चूक सापडते का पाहिलं, सापडली नाही, तेव्हा शिक्का मारला. मुदत संपायला अजून एक अख्खा दिवस आणि सहा तास होते. ती पावती घेऊन लॅबमध्ये आली. माझ्या हातात दिली, मी वाचली, परत दिली. मग माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी मशीनच्या टोनरला शिव्या दिल्या. मशीन तिथं नव्हतं. ते अजून केबिनमध्येच होतं.

ती आपल्या कॉम्प्युटरवरच्या फाइली काढून जागा मोकळी करू लागली. रिपोर्ट काढला, कच्ची प्रकरणं काढली. मग हात थांबला.

"मामा, दादासाहेबांचा तो उजळलेला फोटो हाय इथं. पुसून टाकू?"

मी थोडा विचार केला. प्राचार्यांसारखा नव्हे, खराच.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. "फुडल्या वर्सीच्या पोरांना लागंल."